टर्की : ताजी की गोठवलेली?

सणाच्या जेवणात मुख्य पदार्थ बिघडला की बाकीच्या पदार्थांची चव जाते आणि यजमानाची पतही जाते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे आभारदिनाचा सण पाळतात. हा दिवस तेथील काँग्रेसने १९४१ साली कायद्याने निश्चित केला. त्या दिवशी बहुसंख्य घरी टर्की हा मोठा पक्षी अख्खा भाजून वाढण्याची रीत आहे. पक्षी पाच-सहा किलोंचा किंवा त्याहूनही मोठा, पाहुणे पुष्कळ, आणि संधी वर्षातून एकदाच. अशा वेळी प्रत्येक गृहिणीपुढे एक प्रश्न उभा राहतो : टर्की ताजी घ्यावी की गोठवलेली?

वरवर पाहता हा केवळ स्वयंपाकघरातील प्रश्न वाटेल. पण तसा तो नाही. मुंबई, वसई आणि गोवा येथे नाताळाच्या जेवणासाठी काही कुटुंबे व हॉटेले टर्कीची मागणी करतात. ती मागणी पाहून काही पक्षिपालक कोंबड्यांच्या जोडीला दहा-वीस टर्की पाळू लागले आहेत. दुसरीकडे मोठ्या शहरांतील दुकानांत परदेशांतून आलेली गोठवलेली टर्की मिळते. २०२३ मध्ये भारत व अमेरिका ह्यांच्यातील व्यापारविषयक तंटे मिटविताना गोठवलेल्या टर्कीवरील आयातकर कमी करण्याचे भारताने मान्य केले, आणि २०२४ मध्ये तो उतरविण्यात आला. अमेरिकन गृहिणीचा प्रश्न अशा रीतीने येथील शेतकऱ्याच्या अंगणात येऊन पोहोचला आहे. गिऱ्हाईक ताजी मागेल की गोठवलेली, ह्यावर त्याच्या सहा महिन्यांच्या मेहनतीचे मोल ठरणार आहे.

ह्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘ताजी’ आणि ‘गोठवलेली’ ह्या दोन शब्दांत सापडत नाही. मांस किती थंडाव्यात ठेवले आणि किती काळ ठेवले, ह्या दोन गोष्टींत ते आहे. नीट थंड केलेली ताजी टर्की उत्तम. नीट गोठवलेली टर्कीही उत्तम. वाईट आहे ती तिसरी : जी धड थंड नाही, धड गोठलेली नाही, आणि तरीही ताजी म्हणून विकली जाते. ही तिसरी टर्की बाजारातून हद्दपार करणे हे गृहस्थाच्या, पक्षिपालकाच्या आणि विस्तार कार्यकर्त्याच्या सारख्याच हिताचे आहे.

जिवंत पक्ष्यापासून गोठवलेल्या पक्ष्यापर्यंत

टर्की मूळची मेक्सिकोची. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि पुढे पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर ती गोव्यास आली. बादशहा जहांगीर ह्याच्या आज्ञेवरून मुकर्रबखानाने गोव्यातून दुर्मिळ वस्तू आणल्या, त्यांत हा पक्षी होता. बादशहाने १६१२ साली आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन केले आणि मन्सूर नावाच्या चित्रकाराकडून त्याचे चित्र काढवून घेतले. मन्सूरचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

तो पक्षी बादशहाच्या दरबारी जिवंत गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी उष्ण प्रदेशात ताजे मांस लांबवर नेण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पक्षी पायी किंवा पिंजऱ्यात न्यावा आणि जेथे खावयाचा तेथे कापावा, एवढेच माणसाच्या हाती होते.

ही अडचण विसाव्या शतकात दूर झाली. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ नंतर काही वर्षे लॅब्राडोरच्या बर्फाळ प्रदेशात राहिला होता. तेथील लोकांनी पकडलेले मासे कडक थंडीत पाहता पाहता गोठत आणि कित्येक महिन्यांनंतर शिजविले तरी ताज्यासारखे लागत, हे त्याने पाहिले. मायदेशी परतल्यावर त्याने जलद गोठवणीची यंत्रे तयार केली. १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे त्याचे गोठवलेले अन्न दुकानांतून विक्रीस आले.

जलद आणि सावकाश गोठवणीतील भेद शेतकऱ्याने समजून घ्यावा. कच्च्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. मांस सावकाश गोठले तर ह्या पाण्याचे मोठमोठे स्फटिक बनतात. त्यांच्या टोकदार कडांनी मांसपेशींचे पापुद्रे फाटतात, आणि पुढे बर्फ वितळला की मांसातील रस गळून जाऊन ते चोथ्यासारखे कोरडे लागते. जलद गोठवणीत स्फटिक बारीक राहतात व रस बव्हंशी आतच टिकतो. ‘गोठवलेले मांस म्हणजे शिळे मांस’ ही समजूत सावकाश गोठवणीच्या अनुभवातून आलेली दिसते. कापल्यानंतर लवकर थंड करून झपाट्याने गोठविलेला आणि शेवटपर्यंत उणे १८ अंश सेंटिग्रेडला ठेवलेला पक्षी शिळा म्हणता येत नाही. त्याच्यापुरता काळ जणू थांबलेला असतो.

‘ताजी’ ह्या शब्दाची किंमत

अमेरिकेत एके काळी मोठा घोटाळा होता. शून्य अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे उणे १८ अंश सेंटिग्रेडच्या, खाली न गेलेला कोणताही पक्षी तेथे ‘ताजा’ म्हणून विकता येत असे. परिणाम असा झाला की दगडासारखे कडक पक्षी ताजेपणाची चिठ्ठी लावून दुकानांत येऊ लागले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो प्रकार होता. ग्राहकांनी तक्रार केली हे साहजिकच. पण त्यांच्या बरोबरीने कॅलिफोर्नियातील पक्षिपालकांनीही आवाज उठविला. ते जवळच्या बाजारात खरोखर ताजा माल नेत, आणि दुरून आलेला गोठलेला माल त्याच नावाने त्यांच्या शेजारी मांडला जाई. खोट्या ‘ताज्या’मुळे खऱ्या ताज्याची किंमत बुडत होती.

अखेर १९९७ पासून तेथे नवा नियम लागू झाला. ज्या पक्ष्याचे आतील तापमान उणे ३.३ अंश सेंटिग्रेडच्या खाली कधीच गेले नाही, त्यालाच ‘ताजा’ म्हणता येते. उणे १८ अंश किंवा त्याखाली नेलेला तो ‘गोठवलेला’. ह्या दोहोंच्या मधल्या पक्ष्याला ‘ताजा’ हे नाव लावण्याची मनाई आहे.

ह्या नियमात एक गोष्ट मात्र नाही, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पक्षी कधी कापला ह्याविषयी ‘ताजा’ हा शब्द काही सांगत नाही. उणे दोन-तीन अंशांवर ठेवलेला पक्षी कापून बरेच दिवस झाले असले तरी नियमाने तो ताजाच ठरतो. उलट, कापल्याच्या दिवशीच गोठविलेला पक्षी सहा महिन्यांनी खाल्ला तरी त्याच्या मांसात फारसा पालट झालेला नसतो. म्हणून नुसत्या शब्दावर जाणारा ग्राहक फसण्याचा संभव असतो. जो कापल्याची तारीख आणि साठवणीचे तापमान विचारतो, तो सहसा फसत नाही.

गृहस्थाने कोणती निवडावी?

निवड करताना गृहस्थाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : सणाला किती दिवस आहेत? घरी थंडावा कितपत आहे? विक्रेता किती दूर आहे?

सणाला एक-दोन दिवसच उरले असतील आणि विक्रेता जवळचा व विश्वासाचा असेल, तर ताजी टर्की घ्यावी. ताजा पक्षी चार अंश सेंटिग्रेड किंवा त्याहून कमी तापमानात ठेवून एक-दोन दिवसांत शिजविला पाहिजे. आठवडाभर आधी ताजी टर्की आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणे होय.

खरेदी आधी करावयाची असेल, किंवा माल दुरून येणार असेल, तर गोठवलेली टर्की घेणेच शहाणपणाचे. अमेरिकेत ती बहुधा ताजीपेक्षा स्वस्तही पडते, कारण कारखानदार वर्षभर पक्षी कापून साठा करू शकतात. ताज्या पक्ष्यांची कत्तल मात्र सणाच्या आधीच्या थोड्या दिवसांत उरकावी लागते. गोठवलेली टर्की घेताना वेष्टण फाटलेले नाही ना, हे पाहावे. वेष्टणाच्या आत लालसर पाण्याचा बर्फ साचलेला दिसला, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठला असावा असे समजावे. काही गोठवलेल्या पक्ष्यांत मिठाचे पाणी टोचलेले असते. तसे असल्यास वेष्टणावर लिहिलेले असते. ते वाचावे, म्हणजे मांसाच्या भावाने पाणी तर विकत घेत नाही ना, हे कळेल.

गोठवलेल्या टर्कीची खरी परीक्षा ती वितळविताना होते, आणि बहुतेक चुका येथेच होतात. सकाळी पक्षी ओट्यावर काढून ठेवावा आणि दुपारी चुलीवर चढवावा, असा प्रघात सर्रास दिसतो. तो अत्यंत घातक आहे. एवढ्या मोठ्या पक्ष्याचा मध्यभाग बर्फ असतानाच बाहेरचा थर ऊबदार होतो. चार ते साठ अंश सेंटिग्रेड ह्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अशा तापमानात मांस दोन तासांहून अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासाहून अधिक ठेवू नये, असा दंडक आहे. कोकणपट्टीत डिसेंबरातही दुपारची हवा तीस अंशांच्या आसपास असते, हे विसरून चालणार नाही.

वितळविण्याची उत्तम रीत म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट परातीत पक्षी ठेवणे. दर दोन किलो वजनास सुमारे चोवीस तास लागतात. सहा किलोंच्या पक्ष्यास तीन दिवस धरावेत. नाताळाच्या दुपारी जेवण असेल, तर तो पक्षी २१ डिसेंबरलाच वरच्या बर्फाच्या कप्प्यातून खाली आला पाहिजे. वेळ थोडा असेल, तर पक्षी पाणी आत न शिरेल अशा पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवावा, पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे, आणि दर अर्ध्या किलोस अर्धा तास ह्या हिशेबाने वेळ धरावा. अशा रीतीने वितळविलेला पक्षी लगेच शिजवावा.

गोठवणीने जंतू मरतात ही समजूतही चुकीची आहे. साल्मोनेलासारखे जंतू थंडीत निपचित पडून राहतात आणि ऊब मिळताच पुन्हा वाढू लागतात. जंतू मरतात ते उष्णतेने. मांडीच्या आतील भागात आणि छातीच्या जाड भागात तापमान ७४ अंश सेंटिग्रेडपर्यंत पोहोचले पाहिजे. ही अट ताज्या आणि गोठवलेल्या अशा दोन्ही पक्ष्यांना सारखीच लागू आहे. कच्चा पक्षी नळाखाली खळखळून धुण्याने जंतू जात नाहीत. शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या भाजीवर आणि भांड्यांवर मात्र जातात.

आणखी एक साधी गोष्ट खरेदीपूर्वीच पाहावी : अख्खी टर्की घरच्या फ्रिजमध्ये मावते काय? मावत नसेल, तर वितळविण्याचे वरील सारे नियम कागदावरच राहतील. अशा घरी ताजा पक्षी तुकडे करून घेणे आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी शिजविणे हाच सरळ मार्ग आहे.

डोळ्यांदेखत कापलेला पक्षी

महाराष्ट्रात आणि गोव्यात ‘ताजे’ ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळांच्या मनात ठरलेला आहे : जे डोळ्यांदेखत कापले ते ताजे. ही समजूत अगदीच निराधार नाही. पक्षी जिवंत आणि निरोगी होता एवढे तरी गिऱ्हाइकास स्वतः पाहता येते. जेथे थंडाव्याची सोय नाही, तेथे कापताच शिजविणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा आहे.

तथापि टर्कीच्या बाबतीत ह्या रिवाजाला दोन मर्यादा पडतात. कापल्यानंतर काही वेळाने प्राण्याचे स्नायू ताठरतात आणि पुढे हळूहळू पुन्हा सैल पडतात. लहान कोंबडीत हा काळ थोडा असतो. मोठ्या टर्कीत तो लांबतो. ताठरलेला पक्षी शिजविला तर मांस चिवट होते. म्हणून साफ केलेली टर्की बर्फात किंवा फ्रिजमध्ये सुमारे एक दिवस ठेवून मग शिजविणे इष्ट असते. अशा वेळी ‘आत्ताच कापलेली’ ही बढाई चवीच्या दृष्टीने उलटीच ठरते.

दुसरी मर्यादा उष्णतेची. नाताळाच्या आदल्या दिवशी बाजारात कापलेला पक्षी उघड्या फळीवर तास-दीड तास पडून राहतो, मग पिशवीतून गर्दीच्या गाडीने घरी जातो, आणि तेथे सायंकाळपर्यंत ओट्यावर राहतो. डोळ्यांदेखत कापलेला म्हणून त्याला ताजा म्हटले जाते, पण जंतूंच्या दृष्टीने तो केव्हाच शिळा झालेला असतो. ताजेपणा सुरीच्या क्षणी संपादन होत नाही. तो त्यानंतर प्रत्येक तासाला राखावा लागतो.

पक्षिपालकाचा हिशेब

आता प्रश्नाची दुसरी बाजू. दहा-वीस टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याने कोणत्या बाजारासाठी माल तयार करावा? परदेशी कारखान्याची गोठवलेली टर्की वर्षभर साठविता येते आणि एकसारख्या वजनाची असते. लहान शेतकऱ्याने तिच्याशी तिच्याच मैदानात झुंज घेऊ नये. त्याचे बळ दुसरीकडे आहे. हजारो मैलांवरून येणारा माल खऱ्या अर्थाने ताजा असणे परवडणारे नसते. वसईचा किंवा बार्देशचा शेतकरी मात्र काल कापलेला, नीट थंड केलेला पक्षी आज गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवू शकतो. हे एकच भांडवल त्याच्याजवळ आहे, आणि ते फार मोलाचे आहे.

पण ताज्या मालाला तारीख असते. गोठवलेली टर्की नाताळानंतरही विकता येते. ताजीचे गिऱ्हाईक २५ डिसेंबरनंतर विरळ होते. पक्षी जानेवारीत तयार झाला तर ते वरातीमागून घोडे. म्हणून हिशेब उलट्या बाजूने मांडावा लागतो. टर्कीची अंडी उबण्यास २८ दिवस लागतात. परसातील पालनात पक्षी चांगल्या वजनाचा होण्यास जात आणि खाद्य ह्यांप्रमाणे सुमारे २० ते २४ आठवडे धरावेत. २३ डिसेंबरला पक्षी कापावयाचे असतील, तर अंडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उबवणीस बसली पाहिजेत. विकतची पिले आणावयाची असतील, तर ती जुलैत किंवा ऑगस्टच्या आरंभी हाती आली पाहिजेत आणि त्यांची मागणी बरीच आधी नोंदविली पाहिजे. टर्कीच्या जातींवर बरेलीजवळील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत आणि चेन्नईतील नंदनम् येथे काम झालेले आहे. पिले अशा खात्रीच्या ठिकाणाहून किंवा त्यांच्याकडून माल घेणाऱ्या उबवणी केंद्राकडून घ्यावीत.

हा काळ भर पावसाचा असतो, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेंटिग्रेडची ऊब आणि कोरडी जमीन लागते. टर्कीची पिले पहिले काही दिवस दाणा-पाणी आपण होऊन नीट शोधीत नाहीत. त्यांना हाताने भरवून शिकवावे लागते. ह्या कामात आळस झाला तर अन्न पुढे असून पिले उपाशी मरतात. तसेच टर्की आणि कोंबड्या एका अंगणात मिसळू देऊ नयेत. कोंबड्यांपासून टर्कीला ‘ब्लॅकहेड’ नावाचा यकृताचा व आतड्यांचा रोग जडतो, आणि तो कोंबड्यांपेक्षा टर्कीला फार जड जातो.

कापण्यापूर्वी आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवावे, पाणी मात्र द्यावे. पिसे व आतडी काढलेला पक्षी ताबडतोब स्वच्छ बर्फाच्या पाण्यात बुडवावा. साडेतीन किलोंहून मोठ्या पक्ष्याचे आतील तापमान आठ तासांच्या आत चार अंशांपर्यंत खाली आले पाहिजे. ते हाताने चाचपून कळत नाही. त्यासाठी मांसात खुपसण्याचा तापमापक घ्यावा. त्याची किंमत एका पक्ष्याच्या नफ्याहून अधिक नाही. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच असावा. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळा करण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ मध्ये घालण्यात आले. मासळीच्या पेट्यांसाठी आलेला निळा बर्फ स्वस्त मिळतो म्हणून मांसास लावणे हा गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आहे.

ह्या क्रमाने २३ डिसेंबरला कापलेला पक्षी रात्रभर बर्फात राहतो, २४ तारखेस बंद पेटीतून गिऱ्हाइकाकडे जातो आणि २५ तारखेस शिजतो. मांस नरम होण्यास लागणारा दिवसही मिळतो आणि एक-दोन दिवसांची मर्यादाही पाळली जाते. पक्ष्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी : कापल्याची तारीख व वेळ, साफ केलेल्या पक्ष्याचे वजन, आणि कोणत्या तारखेच्या आत शिजवावा ती सूचना. माणशी अर्धा किलो हे प्रमाण गिऱ्हाइकास आधीच सांगितले, तर कोणत्या वजनाचा पक्षी हवा हेही नोव्हेंबरमध्येच ठरते. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी किंवा परवाना आवश्यक आहे; त्याची तजवीज सणाच्या तोंडावर नव्हे, पिले आणतानाच करावी.

घरगुती गोठवणीचा मोह

काही पक्षिपालक म्हणतील की शिल्लक राहिलेले पक्षी घरच्या फ्रिजमध्ये गोठवून ठेवले आणि ईस्टरला विकले तर काय बिघडले? हा विचार मोहाचा आहे, पण हिताचा नाही. घरगुती फ्रिजच्या वरच्या कप्प्यात पाच-सहा किलोंचा ऊबदार पक्षी कोंबला, तर त्याचा मध्यभाग गोठण्यास फार वेळ लागतो. सावकाश गोठवणीचे सर्व दोष त्यात उतरतात, आणि मधल्या तासांत आत जंतूही वाढू शकतात. त्यातच वीज गेली तर पंचाईत. गच्च भरलेली मोठी गोठपेटी न उघडता ठेवली तर सुमारे ४८ तास आणि अर्धी भरलेली सुमारे २४ तास थंडी धरते. साध्या फ्रिजचा खालचा भाग मात्र वीज गेल्यावर सुमारे चारच तास सुरक्षित राहतो. ज्या गावी वीज दिवसाकाठी अनेक तास नसते, तेथे विक्रीसाठी मांस घरी गोठविणे हा व्यवसाय नसून जुगार आहे.

गोठवलेल्या मालाचा व्यवसाय करू नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. दहा-वीस पक्षिपालकांनी गट करून जलद गोठवणीची सोय असलेल्या शीतगृहाशी करार केला, शिल्लक पक्षी वेळेत व थंड करून तेथे पोहोचविले, आणि ‘गोठवलेली’ असे स्पष्ट लिहून विकले, तर त्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो गोठवलेला पक्षी पाण्यात घालून वितळवून नाताळाच्या सकाळी ‘ताजा’ म्हणून फळीवर मांडण्यात. असा माल घेऊन एखादे कुटुंब आजारी पडले, तर त्या एका विक्रेत्याबरोबर तालुक्यातील सर्व पक्षिपालकांचा बाजार बसतो. २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा तेथून कोसो दूर असलेल्या निरोगी कोंबड्यांनाही गिऱ्हाईक मिळेना, ही आठवण अजून ताजी आहे. गिऱ्हाइकाचा विश्वास उडण्यास एक दिवस पुरतो. तो परत मिळविण्यास कित्येक हंगाम जातात.

विस्तार कार्यकर्त्याचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या कामी मोठी व्याख्याने देण्याची आवश्यकता नाही. जूनमध्ये टर्की पाळू इच्छिणाऱ्यांची यादी करावी आणि त्यांना उलटा हिशेब मांडून दाखवावा. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडून गिऱ्हाइकांच्या मागण्या तारीख व वजन ह्यांसह लिहवून घ्याव्यात. ज्याची मागणी नाही तो पक्षी सणासाठी कापू नये. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक पक्षी सर्वांसमक्ष कापून, थंड करून, तापमापक लावून दाखवावा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास त्या दिवशी बोलवावे. चार अंशांचा काटा एकदा डोळ्यांनी पाहिला की दहा पत्रकांनी होत नाही ते काम होते.

गिऱ्हाइकासही सत्य सांगण्यास शेतकऱ्याने कचरू नये. कोणी दहा दिवस आधी ताजी टर्की मागितली, तर ‘ती तितके दिवस टिकणार नाही, आज हवी असेल तर गोठवलेली घ्या, माझी २४ तारखेस मिळेल’ असे उत्तर द्यावे. त्यात एखादी विक्री हातची जाईल, पण पुढील वर्षी तेच गिऱ्हाईक आपण होऊन दारी येईल.

ताजी की गोठवलेली, ह्या प्रश्नाला सर्व घरांसाठी एकच उत्तर असू शकत नाही. दूरचा माल गोठवलेलाच बरा. जवळचा आणि वेळेवर मिळणारा ताजाच बरा. पण ह्या दोहोंतही विक्रेत्याने जे नाव सांगितले तेच पेटीत असले पाहिजे, आणि पेटीतला थंडावा चुलीपर्यंत टिकला पाहिजे. कारखान्याजवळ यंत्रे आहेत, जहाजे आहेत, शीतगृहे आहेत. लहान पक्षिपालकाजवळ गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचे थोडे अंतर आणि खरेपणाने लिहिलेली एक चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी त्याने जपली, तर नाताळाच्या बाजारात त्याची जागा कोणासही सहजासहजी घेता येणार नाही.